हेपॅटायटिस सीचं ऑनलाइन ट्रेनिंग घेतलं, पण पहिला पेशंट स्वतः सुरू करायचं धाडस कसं आलं? (अनुभव सांगा)

माणदेशी_एमओ

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात, आटपाडीच्या बाजूला सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी आहे. एमबीबीएस, नोकरीचं नववं वर्ष. साप, विंचू, अडलेलं बाळंतपण, डाळिंबाच्या बागेतलं फवारणीचं विष अंगात गेलेला माणूस, हे सगळं रात्री-अपरात्री एकट्यानं बघतो. तिथं हात थरथरत नाही. पण हेपॅटायटिस सीचं, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या लिव्हरच्या विषाणूचं, औषध मी आजवर एकाही पेशंटला स्वतः सुरू केलेलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय.

कारण सांगतो. २०२१ साली एक मेंढपाळ बाई आल्या, वय बावन्न. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत सीची अँटीबॉडी पॉझिटिव्ह निघाली. धाकट्या मुलाच्या आधीच्या बाळंतपणात, १९९४ च्या सुमारास, त्यांना दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. रक्तपेढीत सीची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये, म्हणजे हे त्याच्या आधीचं. मी चिठ्ठी लिहून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पहिल्या खेपेला त्या दिवशीची ओपीडी संपली होती. दुसऱ्या खेपेला रक्त घेतलं, रिपोर्ट नंतर न्यायला या म्हणाले. तिसऱ्या खेपेला त्या गेल्याच नाहीत, कारण मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायची वेळ आली होती. दोन वर्षांनी परत आल्या तेव्हा पाय सुजलेले, पोटात पाणी. मी फक्त चिठ्ठी लिहिली होती. तीच चिठ्ठी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून परत आणली होती.

ट्रेनिंग घेतलं नाही असं नाही. चार ऑनलाइन सत्रं केली. बोलणारे तज्ज्ञ उत्तम होते. पण एका तासात ऐंशी स्लाइड, इकडं ओपीडीची रांग, कॅमेरा बंद, एका कानात इअरफोन. संध्याकाळपर्यंत सर्टिफिकेट मेलवर. आणि समोर माणूस येऊन बसला की पुन्हा तेच: आता नक्की काय करू, आणि चुकलं तर?

तुमच्यापैकी कुणी दूरवरून शिकून खरोखर पेशंट बरे केलेत का? ते शिकणं कसं होतं? मला स्लाइड नकोत. तुमचं घडलेलं सांगा.

मिरजेची_फिजिशियन

डॉक्टर, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज राउंड संपल्यावर सावकाश लिहायला बसलेय.

ज्या पद्धतीनं तुम्हाला शिकायचंय ती मुळात याच आजारासाठी निघाली. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा अल्बुकर्कीला लिव्हर क्लिनिक चालवत. पेशंट शेकडो मैलांवरून यायचे आणि नंबर लागायला आठ-आठ महिने. २००३ मध्ये त्यांनी ठरवलं की पेशंटनं येण्यापेक्षा गावातल्या डॉक्टरनं शिकावं. दर आठवड्याला व्हिडिओवर बसायचं, प्रत्येकानं स्वतःचा पेशंट मांडायचा. त्याला प्रोजेक्ट एको म्हणतात. २०११ मध्ये त्यांनी ४०७ पेशंटचा हिशेब छापला: विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के बरे झाले, गावातल्या डॉक्टरांकडे आणि तुरुंगांतल्या दवाखान्यांत ५८.२ टक्के. आणि तो काळ इंटरफेरॉनचा होता! जवळपास वर्षभर इंजेक्शनं, ताप, नैराश्य, पांढऱ्या पेशी ढासळायच्या. ते ज्यांना जमलं, त्यांच्या मानानं आपल्या हातात आज बारा आठवड्यांच्या गोळ्या आहेत आणि शंभरातले पंचाण्णव तरी बरे होतात. आपल्याकडे पंजाबनं २०१६ पासून हेच केलं, चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयानं जिल्ह्यातल्या डॉक्टरांना असंच तयार केलं.

मी गेली तीन वर्षं बुधवारी दुपारी दोन ते तीन असं बसते. आधी मीही स्लाइडच दाखवायचे. सहा महिन्यांनी विचारलं, किती जणांनी औषध सुरू केलं? कुणीच नाही. त्या दिवशी स्लाइड बंद केल्या. आता नियम असा की जो येईल त्यानं एक पेशंट आणायचा, नाव-गाव काढून, एका पानावर. वय, एएसटी आणि एएलटी (लिव्हरच्या रक्ततपासण्या), प्लेटलेट, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे), हिपॅटायटिस बी आहे का, किडनी कशी, आणि घरात असलेली प्रत्येक गोळी. हे शेवटचं मी ठळक करतेय, कारण नव्या औषधांत डॉक्टर चुकतो तो तिथंच. सीची मुख्य गोळी सोफोसबुविर, तिच्यासोबत हृदयाच्या ठोक्यांचं औषध अ‍ॅमिओडॅरोन असेल तर नाडी धोकादायक मंदावू शकते. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर थांबावं लागतं. बी लपून बसलेला असेल तर सी बरा होताना तो उसळतो.

आकडेमोडही मी करून देत नाही, त्यांच्याकडून फोनवर करून घेते. फिब-४ म्हणजे लिव्हर किती कडक झालंय त्याचा अंदाज देणारा आकडा: वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एएलटीचं वर्गमूळ). ३.२५ च्या वर गेला किंवा असाच दुसरा आकडा अ‍ॅप्री २ च्या पुढे, तर सिरोसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालेलं, धरून चालायचं. सिरोसिस नाही त्याला सोफोसबुविर-डॅक्लाटासविर. आहे पण पोटात पाणी, भ्रम वगैरे काही नाही, त्याला सोफोसबुविर-वेल्पाटासविर. पाणी झालेला पेशंट माझ्याकडे पाठवायचा, तो तुम्ही एकट्यानं घ्यायचा नाही. इतकंच ओळखता आलं तर अर्ध्याहून जास्त पेशंट तुमच्याच टेबलावर बरे होतील.

त्या बाईंना पाठवा. पोटात पाणी झालेल्यालाही उपचार आहे, रायबाविरिन हे आणखी एक औषध जोडून देतो. कधी निघणार ते मला आधी कळवा, म्हणजे त्या दिवशी त्यांना ओपीडीत मी स्वतः बघेन.

कोयनाकाठचा

मी पाटण तालुक्यात. मॅडमच्या बुधवारात दीड वर्ष आहे, म्हणून लिहितो.

पावसाळ्यात आमच्याकडे रेंज जाते ती जातेच. पहिले दोन बुधवार मी व्हिडिओ सुरू करण्यातच घालवले. मग कळलं की व्हिडिओ लागतच नाही. केसचं पान आदल्या दिवशी पाठवायचं आणि वेळेला साधा फोन लावायचा. आवाज पोचला की झालं.

खरी अडचण वेगळीच होती. सगळ्यांसमोर आपल्याला काय येत नाही ते दिसणार याची लाज. माझा पहिला पेशंट एक निवृत्त कंडक्टर. मी अँटीबॉडी पॉझिटिव्ह बघूनच उपचार मांडायला बसलो होतो. मॅडमनी विचारलं, व्हायरल लोड? मी केलाच नव्हता. पुढच्या बुधवारी रिपोर्ट आणला तर विषाणू नाहीच! शरीरानं स्वतःच कधीतरी तो घालवला होता, अँटीबॉडी तेवढी उरली होती. त्या माणसाला औषधाची गरजच नव्हती. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं हो, पण शिकलो त्या दिवशी.

मग जेव्हा खरंच एक सुरू करायचा होता तेव्हा माझा पेन अडला. मॅडम म्हणाल्या, "लिहा. चुकलं तर दोघांचं चुकेल." ते वाक्य ऐकल्यावर लिहिलं. आजवर अकरा झाले, त्यात दोन डायलिसिसवरचे. नऊ जणांचा शेवटचा रिपोर्ट आलाय, नऊही निगेटिव्ह.

औषधकोठीवाली

मी फार्मासिस्ट, जिल्ह्याच्या उपचार केंद्रात. डॉक्टरांचं सगळं शिकून होतं, पण बुधवारात सिस्टर आणि औषधवाल्यांनाही बसवा ही विनंती. बाटलीत अठ्ठावीस गोळ्या, म्हणजे चौऱ्याऐंशी दिवसांना तीन बाटल्या. दुसरी बाटली न्यायला पेशंट येतो तेव्हा पहिली रिकामी आहे का ते मी बघते. उरलेल्या गोळ्या बाटलीतच दिसतात, विचारावं लागत नाही. "आता बरं वाटतंय" म्हणून थांबणारे खूप. आणि वेल्पाटासविर चालू असताना पित्ताची गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं घेतात, ओमेप्राझोल. त्यानं औषध नीट शोषलं जात नाही. हे डॉक्टरांना कळत नाही, कारण पित्ताच्या गोळीला कुणी औषध म्हणतच नाही. "जळजळीला काय घेता?" असं विचारा, मग सांगतात.

माणदेशी_एमओ

दोन महिन्यांनी लिहितोय. तेव्हा सगळ्यांना उत्तर दिलं नाही, माफ करा. काहीतरी झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

खानापूर तालुक्यातला एक गलाईवाला, वय शेहेचाळीस. बावीस वर्षं पंजाबात सोनं-चांदी गाळायचं दुकान. तिकडं अशक्तपणा आला की एक जण घरी येऊन सुई टोचायचा. दिवाळीला गावी आला आणि म्हणाला, "साहेब, तिकडं काला पीलिया म्हणालेत. हितं औषध हाय का? न्हाईतर दुकान इकून दिल्लीला जातो." काला पीलिया म्हणजे तिकडचं हेपॅटायटिस सीचं नाव. दुकान विकायला निघालेला माणूस, आणि औषध सरकारी कार्यक्रमात मोफत! २०१८ पासून!

पान भरलं. एएसटी ६८, एएलटी ८१, प्लेटलेट एक लाख बासष्ट हजार, व्हायरल लोड पॉझिटिव्ह, बी निगेटिव्ह, किडनी ठीक, सोनोग्राफी साधी. फिब-४ मी स्वतः काढला, २.१. अ‍ॅप्री १.०५. सिरोसिस नाही, म्हणजे सोफोसबुविर-डॅक्लाटासविर. इतक्या वेळा तपासलं होतं की बुधवारी मांडताना आवाज अगदी ठाम होता. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बरोबर. गोळ्यांच्या रकान्यात तुम्ही "काही नाही" लिहिलंय. पिशवी बघितली का?

बघितली नव्हती. विचारलं होतं फक्त. दुसऱ्या दिवशी त्याला घरची पिशवी घेऊन बोलावलं. पिशवीत कार्बामाझेपिन. तरुणपणी फिट आली होती, तेव्हापासून रोज दोन. त्याच्या लेखी ते औषध नव्हतंच, चहासारखी रोजची सवय. ती गोळी चालू असती तर डॅक्लाटासविर रक्तात टिकलंच नसतं. तीन महिने गोळ्या खाऊन विषाणू तिथंच राहिला असता, आणि मी म्हटलं असतं की औषध लागू पडलं नाही.

मॅडमनी न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांना त्याच कॉलवर घेतलं. हळूहळू लेव्हेटिरासेटाम या फिटच्या दुसऱ्या गोळीवर आणलं, जुन्या गोळीचा असर उतरायला मध्ये वेळ दिला. गेल्या गुरुवारी पहिली बाटली मी माझ्या हातानं दिली. प्रिस्क्रिप्शनवर माझी सही आहे. संपल्यावर बारा आठवडे थांबून व्हायरल लोड करायचा, ती तारीख रजिस्टरमध्ये लाल पेननं लिहिली आहे आणि सिस्टरनी तिच्या वहीतही उतरवलीय.

मेंढपाळ बाई मॅडमकडं जाऊन आल्या. एकाच खेपेत काम झालं. उपचार सुरू आहेत, पोटातलं पाणी कमी झालंय, पण लिव्हर किती परत येईल ते आत्ताच सांगता येणार नाही असं मॅडम म्हणाल्या, आणि बाईंना मी तसंच सांगितलं. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, रक्त चढवल्यानंतर धाकटा झाला, त्याचं काय?

हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आईकडून बाळाला जायची शक्यता शंभरात पाच-सहा, पण आहे. पोरगा मेंढरं घेऊन फलटणच्या बाजूला आहे, रविवारी येतोय. सोमवारी सकाळी त्याचं रक्त घेतो आणि बुधवारी पान पाठवतो, मॅडम.