एक्सआरएफवर रोमन काच: सिलिका ८२ टक्के कशी येते?

नितळकाच
राइन खोऱ्यातल्या उत्खननातले तुकडे आहेत, इ.स. १ ते ४ थ्या शतकातले. निम्मे निळसर हिरवे, बाकी रंगहीन. हातात धरायच्या एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी घटक मोजणारं यंत्र) निळसर हिरव्यांची सिलिका ८२ आणि चुना ४ टक्के दिसतोय. सोडियमचा पत्ता नाही. रंगहीन तुकड्यांत अँटिमनी (काचेचा रंग घालवणारं मूलद्रव्य) कधी दिसतो, कधी गायब. काय चुकतंय? आणि एवढ्यावरून कच्ची काच इजिप्तची की लेव्हंटची (भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा), हे सांगता येईल का?

वाळूमापे
दोन चुका एकात एक मिसळल्या आहेत. सोडियमची रेषा (त्याच्या क्ष-किरणांची ठरलेली ऊर्जा) १.०४ केईव्हीला असते आणि हवाच ती गिळते. रोमन काचेत सोडा १५ ते २० टक्के असतो. तो वगळून यंत्र बेरीज १०० करतं, तेव्हा खऱ्या ६९ टक्के सिलिकाचे ८३ होतात. पण त्याच हिशेबाने ७.५ टक्के चुन्याचे ९ व्हायला हवे होते. तुमचे ४ आलेत, म्हणजे पृष्ठभाग झिजलेला आहे. जमिनीतल्या ओलाव्याने सोडा आणि चुना धुपून जातात, मागे सिलिकाचा थर राहतो. सिलिकॉनचे किरण वरच्या मोजक्या मायक्रॉनमधूनच बाहेर पडतात, त्यामुळे तुम्ही काच मोजलेली नाही, तिच्यावरची पापडी मोजली आहे. इंद्रधनुषी चमक दिसली की मुख्य घटकांचे आकडे सरळ बाजूला ठेवा.

अँटिमनीचं दुखणं वेगळं. त्याची एल-रेषा ३.६० केईव्हीला, चुन्यातल्या कॅल्शियमची के-रेषा ३.६९ ला, म्हणून यंत्र कधी इकडे मोजतं, कधी तिकडे. अँटिमनीची के-रेषा २६.४ ला आहे, तीच वापरा. क्ष-किरण नळी ५० केव्हीवर आणि मोजणीची वेळ भरपूर. त्यातही १ मिमीच्या पातळ भिंतीतून हे किरण आरपार जातात आणि आकडा कमी दिसतो. तुकड्याची जाडी नोंदवा, मागे धातूचा स्टँड किंवा ट्रे ठेवू नका.

भट्टीकाठी
यंत्र ‘माती’ मोडवर असेल तर आधी तो बदला, त्याचं अंशांकन (कॅलिब्रेशन) काचेसाठी नसतं. आणि कॉर्निंग बी हा प्रमाण नमुना अनोळखी समजून रोज मोजा. त्यात चुना ८.५६ आणि अ‍ॅल्युमिना ४.३६ टक्के आहे. तिथेच आकडे चुकले तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

उगमाबद्दल बोलायचं तर नमुना काढावाच लागेल. जुन्या तुटक्या कडेवरून १–२ मिमीचा कपचा पुरतो. तो इपॉक्सीत असा बसवा की आडवा छेद वर येईल. सिलिकॉन कार्बाइड कागदाने घासा, मग हिऱ्याच्या पेस्टने १ मायक्रॉनपर्यंत. सिरियम ऑक्साइडने चकाकी आणू नका, भेगांत अडकलेला सिरियम थेट दुर्मिळ मृदांच्या आकड्यांत येतो. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनच्या शलाकेने घटक मोजणारं यंत्र) सोडियम सगळ्यात आधी मोजा. शलाका एका बिंदूवर एकवटली की सोडियम तिथून सरकतो आणि सोडा कमी दिसतो. शलाका पसरट ठेवा, प्रवाह कमी.

लेझर आयसीपी-एमएस (लेझरने सूक्ष्म कण उडवून त्यातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) परवडत असेल तर तेच घ्या. खड्डा जेमतेम ०.१ मिमीचा. सुरुवातीचे काही सेकंद सोडून द्या, त्यात वरची घाण असते.

नितळकाच
संग्रहालय कपचा काढू देत नाही. तरी काही हाती लागेल का?

वाळूमापे
हो. स्ट्रॉन्शियम आणि झिर्कोनियमचे किरण खोलातून येतात, पापडी फारशी आड येत नाही. दोघांचं गुणोत्तर घ्या, जाडीचा दोषही बराच कमी होतो. लेव्हंटच्या किनाऱ्यावरच्या वाळूपासून केलेल्या काचेत शिंपल्यांमुळे स्ट्रॉन्शियम जास्त, ढोबळ मानाने ४०० पीपीएमच्या (दहा लाखांत ४०० भाग) आसपास, आणि झिर्कोनियम कमी. चौथ्या शतकापासून येणारी पिवळट-हिरवी ‘एचआयएमटी’ काच इजिप्तची. तिच्यात लोह, मँगनीज, टायटॅनियम जास्त आणि झिर्कोनियम १०० पीपीएमच्या वर. अँटिमनीने रंग घालवलेली काचही बहुधा इजिप्तचीच मानतात. डायोक्लीशियनच्या इ.स. ३०१ च्या दरपत्रकात अलेक्झांड्रियाची काच पौंडाला २४ दिनार आहे आणि लेव्हंटमधल्या ज्युडियाची हिरवट १३, यावरून दोन माल वेगळे ओळखले जात, एवढं नक्की.

भट्टीकाठी
मात्र एकाच तुकड्यात अँटिमनी आणि मँगनीज दोन्ही ठळक आले, शिवाय तांबं, शिसं, कथिल प्रत्येकी शंभर पीपीएमच्या वर, तर ती भंगारातून पुन्हा वितळवलेली काच. अशा तुकड्याला एकच उगम देऊ नका, यादीत ‘मिश्र’ लिहा. राइनकाठी अशी काच भरपूर निघते, कारण तिथे कच्ची काच बनत नव्हती, आणलेली वितळवली जायची.

मॅग्नेशिया आणि पोटॅश दोन्ही १.५ टक्क्यांखाली असतील तरच नॅट्रॉनची (खनिज सोडा वापरून केलेली) काच म्हणा. मॅग्नेशिया हवेत मोजता येत नाही, हवेच्या जागी हेलियम सोडायची सोय बघा.

खारवटमाती
जाता जाता: दख्खनमधल्या सातवाहनकालीन थरांतल्या काचेला हे आकडे जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडच्या काचेत अ‍ॅल्युमिना बहुतेकदा ५ टक्क्यांच्या वर आणि चुना कमी असतो. अ‍ॅल्युमिना २ ते ३, चुना ७-८ आणि पोटॅश कमी अशी काच निघाली, तरच रोमन आयातीची शंका घ्या. तेही ताज्या छेदावर मोजून.