वसुलीच्या धमक्यांचे फोन : नागपूरकरांनो, तुमचा अनुभव सांगा

मागच्या मंगळवारी रात्री पावणेदहाला फोन आला. मी त्रिमूर्ती नगरला राहते, शाळेत शिकवते, पेपर तपासत बसले होते. पलीकडचा हिंदीत सुरू झाला. 18,400 रुपये बाकी आहेत, उद्या सकाळी घरी माणसं येतील, गेटसमोर उभं राहून नाव पुकारतील. घराचं एक कर्ज सोडलं तर मी कधी कुणाचे पैसे घेतले नाहीत, आणि तेही केव्हाच फिटलं. तसं सांगितलं, तर त्याने माझ्या आधारचे शेवटचे चार आकडे म्हणून दाखवले. हातपाय गारच पडले. खोटं आहे हे कळत होतं, तरी रात्रभर डोळा लागला नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी ऐकलं तर, हेच डोक्यात.

सकाळी भाच्याने सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींचा, रिपोर्ट काढून दिला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो हे मला ठाऊकच नव्हतं. त्यात माझ्या नावावर काहीही थकलेलं नाही. फोन मात्र येतच आहेत. आणखी कुणाला असं झालंय का? नाव लिहायची गरज नाही.

•

ताई, मी तर कर्ज घेतलंच होतं, म्हणून माझं जास्त लांबलं. हिंगणा एमआयडीसीत कामाला आहे. आईच्या औषधांसाठी एका ॲपवर 5,000 मागितले. हातात आले 3,200, आणि सातव्या दिवशी 5,000 परत करायचे. केले. दोन दिवसांनी न मागता खात्यात 2,000 आले आणि आठवड्याने 4,500 ची मागणी सुरू. ॲप टाकताना कॉन्टॅक्ट, फोटो, सगळ्याला परवानगी देऊन बसलो होतो. कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे म्हणे. पण ज्याच्या मागे बँकच नाही त्याला नियम कोण दाखवणार?

वर्ध्याच्या मामांना माझा फोटो गेला, खाली 'चोर' लिहून. सुपरवायझरला गेला. मग बहिणीचा फोटो घाणेरडा करून तिच्या सासरी पाठवतो म्हणाले. त्या दिवशी अंबाझरीच्या काठावर दोन तास बसून होतो. कशाला गेलो होतो ते लिहीत नाही. मित्र शोधत आला. म्हणाला, ते सांगायच्या आत तूच सांगून टाक ना.

त्याच रात्री फोनमधल्या सगळ्यांना मेसेज केला : माझ्या फोनमधून तुमचे नंबर चोरीला गेले आहेत, माझ्या नावाने फोटो किंवा पैशाची मागणी आली तर स्क्रीनशॉट मला पाठवा आणि नंबर ब्लॉक करा. सकाळपर्यंत वीसेक स्क्रीनशॉट आले. मामांचा फोन आला, "काहून बे, तीन हजारासाठी एवढं? मले सांगता नाही आलं?" मी रडलो तिथे. पुढे आठवडाभर ते लोक शिव्या देत राहिले, पण आता सांगणार कुणाला? सगळ्यांना ठाऊक होतं. फोन आपसूक थांबले.

सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार केली तेव्हा नंबर आणि वेळ दिसणारे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, हे लागलं. रागाच्या भरात मी अर्धं चॅट उडवलं होतं. तुम्ही उडवू नका.

•

मी स्वतः आठ वर्षं वसुलीत काढली, तेव्हा आधी माझ्याच शिव्या खाऊन घेतो. कुठला एजंट येणार हे बँक आधी कळवते. त्याच्याजवळ ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असतं. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. आमच्यातलेही सगळे पाळत नव्हते, खोटं कशाला बोलू. म्हणून नुसत्या वेळेवर जाऊ नका, पैसे कुठे भरायला सांगतो ते बघा. कर्जखात्याऐवजी कुणाच्या खासगी यूपीआयवर मागत असेल तर विषय संपला. आणि हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. चेक परत गेला असेल तर गोष्ट वेगळी.

•

आमच्या बाबांनी भरले. इतवारीत दुकान आहे. तुम्ही जामीनदार आहात, असा फोन आला. फार वर्षांपूर्वी ते खरोखरच एका मित्राला जामीन राहिले होते, म्हणून त्यांना पटलं. आधी 5,000, मग 4,000. मला संध्याकाळी कळलं तेव्हा ताबडतोब 1930, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर, लावला. चार हजार पुढच्या खात्यात अडकवता आले, पाच गेले ते गेलेच. बाबा आता अनोळखी नंबर उचलतच नाहीत. सिलेंडरवाला खाली उभा राहून हाका मारतो.

•

माझ्याकडचा वसुलीवाला खरा निघाला! नवीन सिम घेतलं, तो नंबर आधी दुसऱ्याच कुणाचा होता. शाखेत जाऊन सिमची पावती दाखवली, फोन बंद.

•

आमच्या घरी येतो म्हणाला. म्हटलं ये ना बाप्पा, सकाळी ये, तर्री पोहे खाऊ. कधीपासून वाट पाहून राहिलो!

•

(पोहेवाले भाऊ, हसू आलं, पण तुमच्याइतकं काळीज सगळ्यांचं नसतं.) मी भाच्याला बसवून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, 'चक्षू' या संशयास्पद फोनच्या तक्रारीच्या सोयीत, तो नंबर टाकला. सोसायटीच्या ग्रुपवरही आपणहून लिहिलं, तर आणखी तीन घरांतून 'आम्हालाही' आलं. त्यातल्या एक खालच्या मजल्यावरच्याच. काल रात्री साडेआठला पुन्हा वाजला. मी पोळ्या लाटत होते, फोन सासूबाईंनी उचलला. मी हा धागा त्यांना वाचून दाखवत असते. शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, सात वाजून गेले. उद्या आठच्या नंतर कर."