अनुभव धागा : इंदूरहून सायकलने, घाट उतरून नर्मदेकडे (आणि परत)

नमस्कार मंडळी,

थंडी पडली की सायकली बाहेर निघतात आणि आठवडाभरात सगळे पुन्हा त्याच सुपर कॉरिडॉरवर फेऱ्या मारायला लागतात. आपलं गाव बसलंय कुठे ते तरी बघा. उत्तरेला निघालं की क्षिप्रा, गंभीर, चंबळ यांच्याबरोबर जमीन अगदी सावकाश, कळेल न कळेलशी उतरत जाते. दक्षिणेला महू किंवा सिमरोल ओलांडलं की पठारच संपतं. इंदूर साधारण साडेपाचशे मीटरवर, महेश्वरचा नदीघाट दीडशेच्या आसपास. म्हणजे निमाडच्या, खालच्या नर्मदाखोऱ्याच्या सहलीचा हिशेब उलटा: सकाळी ताज्या पायांना उतार आणि थकलेल्या पायांना चढ. हे गणित तुम्ही कसं सोडवता, कुठला रस्ता धरता, कुठे खाता, कुठे राहता, सगळं लिहा. सरासरी वेगाचे स्क्रीनशॉट मात्र नकोत, ते तुमच्या अ‍ॅपवरच शोभतात.

सुरुवात मी करतो. माझा रस्ता ठरलेला: महू, बडगोंदा, जाम दरवाजा, मंडलेश्वर, महेश्वर. सगळे मिळून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. जाम दरवाजा अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ चा सांगतात. रविवारी तिथे गाड्यांची जत्रा आणि मॅगीचा वास असतो, म्हणून शनिवारी जावं, तेही सातच्या आत. कमानीतून पलीकडे गेलं की पायाखाली एकदम अख्खं निमाड. घाट अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, माकडं रस्त्यातच बसलेली असतात. मी अर्ध्या उतारावर मुद्दाम थांबतो. ब्रेकच्या डिस्कवर बाटलीतलं थेंबभर पाणी टाकलं तर चुर्र आवाज येतो. तो आला की दहा मिनिटं झाडाखाली बसायचं. खाली पोचेपर्यंत जॅकेट पाठीवरच्या पिशवीत गेलेलं असतं आणि शेतंही बदललेली असतात: वर गहू-हरभरा, खाली कापूस, मिरची, केळी.

मंडलेश्वरजवळच्या जलूदला जरूर वळा. १९७८ पासून इंदूरला नर्मदेचं पाणी येतं ते इथून. पंपांनी ते डोंगरमाथ्यावरच्या वांचू पॉइंटपर्यंत चढवतात आणि तिथून पुढे आपल्या उताराने शहरात येतं. संध्याकाळी घाट चढताना मला याचा फार आधार वाटतो. आपल्या नळाचं पाणीसुद्धा हा चढ चढूनच येतं, आणि त्याला तर पंप लागतो.

रामबागवाली

तुमचा घाट तुम्हाला लखलाभ. मी उत्तरेची. पन्नाशी ओलांडल्यावर सायकल घेतली आणि पहिल्या दिवसापासून हातोद मार्गे यशवंतसागर, जमलं तर पुढे देपालपूर, बनेडियापर्यंत. गंभीर नदीवरचं हे धरण होळकरांच्या काळातलं, १९३९ चं. आता रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, सिरपूर तलावही त्याच वर्षी, २०२२ मध्ये त्यात गेला. हिवाळ्यात सारसाची जोडी दिसते. पण बांधाच्या गर्दीत उभं राहून शोधू नका. मागच्या बाजूच्या गव्हाच्या शेतांच्या कडेने सायकल हातात धरून चाला. सारस माणसाच्या उंचीचा पक्षी, तरी ओंबीत मान खाली घातली की पार नाहीसा होतो. आवाज आधी येतो.

बायकांसाठी सांगते, कारण हे कुणी लिहीत नाही. हातोदनंतर पेट्रोल पंप दिसला की गरज नसली तरी जाऊन यायचं. शेतात काम करणाऱ्या बायका थांबवतात, चहा देतात. "कां जई रिया हो?" या प्रश्नाला "देपालपूर" हे उत्तर पुरत नाही. सायकलने का, नवरा कुठे, मुलं किती, इथपर्यंत पोचल्यावरच सुटका. मला हे आवडतं. ज्यांना आवडत नाही त्यांनी कानात काही घालून जावं, पण मग गावाकडे जाता तरी कशाला?

आणि पावसाळ्यात डांबर सोडू नका. माळव्याची काळी माती टायरला लागते, मग मडगार्डमध्ये भरते, मग चाक फिरायचंच थांबतं. काडीने खरवडायची, चार पावलं जायचं, पुन्हा खरवडायची. सोयाबीन हिरवंगार असतं, फोटो सुंदर येतात, पण सायकल खांद्यावर असते.

मानपूरचा जावई

धामनोदकडे जायला कुणी आग्रा-मुंबई रस्त्याचा गणपती घाट सुचवलाच तर ऐकू नका. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तो कुप्रसिद्ध आहे. मागून येणारा ट्रक थांबेल या भरवशावर सायकल चालवता येत नाही. एवढंच.

बारगळ

या धाग्यावर रावेरखेडी यायलाच हवी होती, अजून आली नाही म्हणून लिहितोय.

थोरल्या बाजीरावांचं निधन २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला झालं हे आपण शाळेपासून पाठ म्हणतो, पण इंदुरातल्या किती मराठी घरांतली माणसं तिथे गेलीत? सायकलने रस्ता असा: सिमरोल, चोरल, बडवाह, मग मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल, सनावद, बेडिया, रावेरखेडी. शंभराच्या थोडा वर. एका दिवसात जाऊन येण्याचा नाद करू नका, बडवाह किंवा सनावदला मुक्काम ठेवा.

सनावदपर्यंतच्या या खंडवा रस्त्याचं मी कौतुक करणार नाही. रुंदीकरणाची धूळ, डंपर, आणि भेरू घाटात कडेला सरकायला जागा नाही. पहाटे उजाडताच तो भाग उरकून घ्यायचा. चोरलला पोहे खायचे (वरून भुरभुरायचा मसाला, जिरावण, त्यांचं जरा खारट असतं), मग बडवाहपर्यंत रस्ता लाटांसारखा वर-खाली होत राहतो. हा पट्टा नकाशावर निव्वळ उतार वाटतो, मांड्यांना विचारा.

खरी मजा सनावद सोडल्यावर. बेडिया म्हणजे मिरचीचं गाव, तिथली मिरची मंडी मोठी नावाजलेली. हंगामात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या शेतांत मिरची वाळत घातलेली असते, नजर पोचेल तिथवर लाल. दिसायला अप्रतिम. पण वारा तुमच्या दिशेने फिरला की सायकलस्वाराची जी दशा होते ती मोटारवाल्याला कळायची नाही. धाप लागलेली असते, तोंडाने श्वास चालू असतो आणि घशात एकदम ठसका. मी नि माझा मित्र, दोघेही सायकली टाकून शिंकत बसलो होतो. मिरच्या पालथ्या करणाऱ्या बायकांना आमची इतकी करमणूक झाली की त्यांनी काम थांबवलं. त्यांच्या स्वतःच्या नाकातोंडावर ओढणी घट्ट बांधलेली होती. आम्हीही मग गळ्यातला बफ (कापडी पट्टा) ओला करून नाकातोंडावर ओढला आणि निघालो.

समाधी नर्मदेच्या काठावर, दक्षिण तटावर आहे. दगडी कोट, आत छत्री. गर्दी नाही, गाइड नाही. तिथे साताऱ्याकडचे एक परिक्रमावासी काका भेटले. मी इंदूरहून आलो म्हटल्यावर पहिला प्रश्न, "म्हणजे पूल ओलांडून आलास?" परिक्रमेत मैया ओलांडत नाहीत, त्यामुळे त्यांच्या आवाजात थोडी काळजीच होती. म्हटलं, काका, मी परिक्रमेला नाही निघालो, बाजीरावांकडे आलोय. ते हसले, म्हणाले, "मग ठीक. पण परत जाताना पुलावरून 'नर्मदे हर' म्हण हो." म्हटलं मी. पुलावर मागून ट्रकचा हॉर्न वाजत होता, तरी म्हटलं.

टपवाला

उलट्या गणिताचं उत्तर सोपं आहे: बसचा टप. महेश्वर किंवा धामनोदहून खाजगी बसवाले सायकल वर टाकतात. भाडं चढण्याआधी ठरवा. स्वतःची दोरी न्या, शक्यतो दोन. मागची गिअरची बाजू वर ठेवून आडवी करायची, पुढचं चाक काढून शेजारी बांधायचं. वर पोत्यांबरोबर टाकलेली असते, कंडक्टरच्या दोरीवर विसंबू नका. माझ्या सायकलचा मडगार्ड असाच एकदा वाटेत कुठेतरी उतरून गेला.

जाम दरवाजा रिटर्न

टपवाले दादा, रागावू नका, पण बसने परत येणं म्हणजे अर्धीच सहल. मी महेश्वरला मुक्काम करतो आणि पहाटे अंधारातच निघतो. कारण जाम घाटाची बाजू दक्षिणेकडे तोंड करून आहे. हिवाळ्याचं ऊन तिरपं येतं ते थेट डोंगराच्या अंगावर, सावली मिळते ती फक्त वळणांच्या आत. नऊनंतर चढायला लागलात तर डिसेंबरातही घाम डोळ्यांत जातो. पुढची छोटी चकती ३४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठीही ३४ ची असली तर सामानासकट बसून चढता येतो. त्याहून जड गिअर असेल तर थोडं चालावं लागेल, त्यात कमीपणा नाही.

रामबागवाली

@जाम दरवाजा रिटर्न, पहाटे अंधारात घाटाखालच्या गावांतली कुत्री? त्याबद्दल लिहा ना.

जाम दरवाजा रिटर्न

ताई, थांबायचं, उतरायचं, सायकल मध्ये ठेवायची. पळवली की संपलं. पारले-जीही जवळ असतो.

काटेरी

निमाडात बाभळीचा काटा. पंक्चर काढून नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट नाही, कापडाचा तुकडा फिरवा. तुटलेलं टोक आतच असतं आणि नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. भुवया कोरायचा चिमटा न्या, घरातल्यांना सांगून न्या.

नवखा

छान धागा. मला दोन प्रश्न. गिअर नसलेली सायकल चालेल का? आणि मार्चमध्ये जावं का?

धागाकर्ता

@नवखा, गिअर नसलेली यशवंतसागरला खुशाल न्या. जामला नको: चढताना ढकलाल ते ठीक, पण उतरताना दोन्ही ब्रेक धड हवेत आणि साध्या सायकलींचा मागचा ब्रेक बहुधा नावालाच असतो. मार्चमध्ये वर माळव्यात सकाळ अजून गार असते, खाली निमाड तापायला लागलेलं असतं. होळीच्या आत जाऊन या. नंतर खरगोन भागात पारा चाळिशी ओलांडतो, मग थेट पावसाळ्यानंतरच. निघायच्या आधी राजेंद्रनगरला या, माझ्याकडे जास्तीची पॅनिअर (कॅरियरला अडकवायची पिशवी) आहे, घेऊन जा.