करमणूक, विरंगुळा की आणखी काही?

अंबाजोगाईकर : २०२०च्या लॉकडाऊनमध्ये फोनवर आलेले विनोद, नकला, चित्रं असं सगळं आवरायला घेतलंय. त्यातलं निवडक घरच्यांसाठी छापून काढायचा विचार आहे. मथळा 'लॉकडाऊनमधला विरंगुळा' असा ठरवला होता, पण आमची ही म्हणते, हे नाव ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्राचं वाटतं. दुसरा शब्द सुचवा.

नांदेडकर : वहिनींच्या मताला माझा पाठिंबा, पण कारण वेगळं. विरंगुळ्याला आधी काम लागतं. दिवसभर राबलेला माणूस घटकाभर विरंगुळा शोधतो. घाटी रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला आलेला विनोद हा विरंगुळा. आपल्याला कशापासून विसावा हवा होता? दुकान बंद, शाळा बंद. आपलं दुखणं एकच, करमत नव्हतं. म्हणून करमणूक. हा शब्द त्याच क्रियापदातून आलाय आणि न करमणाऱ्यावरचा उतारा आहे.

आपल्या बोलीनं यावर कडी केली. पुण्याचा भाचा फोनवर सांगायचा, "घरी बसलोय." इकडं विचारलं, "काय करायलाव?" तर उत्तर यायचं, "काही नाही, बसायलोय." 'बसलोय' म्हणजे बसून झालं, विषय संपला. 'बसायलोय' म्हणजे बसण्याचं काम चालू आहे, मध्ये बोलू नका. त्या दिवसांचं यापेक्षा नेमकं वर्णन प्रमाण मराठीत मला तरी सापडलेलं नाही.

परभणीकर : करमणूक म्हटलं की मला तिकिटावरचा करमणूक कर आठवतो. २०१७ला तो जीएसटीत विरघळला, पण शब्दाचा सरकारी वास गेलेला नाही. टाइमपास घ्या की सरळ. गावातल्या आजीलाही कळतो.

नांदेडकर : टाइमपास होण्यासाठी टाइम पास व्हावा लागतो, भाऊ. तोच तर होत नव्हता.

लातूरकर : मथळा ठरेपर्यंत 'लॉकडाऊन'चंही बघून घ्या. पेपरांनी त्याला टाळेबंदी केलं. हा शब्द मूळचा कामगार कायद्यातला, संपाच्या जोडीनं येणारा. मालक कारखान्याला टाळं लावतो आणि कामगार बाहेर राहतात. इथं उलटं झालं, टाळं बाहेरून आणि सगळे आत. गावात याला आयता शब्द होता, कोंडवाडा. आमच्या गटात एकानं स्वतःच्या बंद फाटकाचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'जनावर कुणाचं आहे, दंड भरून सोडवून न्यावं.' बायकोचं उत्तर : 'मालक सापडत नाही.' मास्कलाही मुखपट्टी कुणी म्हटलं नाही. खळ्यावर बैलानं कणसाला तोंड लावू नये म्हणून बांधतात ते मुसकं. तेच नाव पडलं.

धाराशिवकर : क्वारंटाईनचं सरकारी मराठी अलगीकरण आणि आयसोलेशनचं विलगीकरण. एका अक्षरानं माणूस शाळेतून दवाखान्यात जायचा. पुण्या-मुंबईहून परतलेल्यांना गावोगावी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवायचे. तिथला एक विनोद मी जपून ठेवलाय : 'सातवीत ज्या शाळेतून पळालो, तिथंच मुक्कामी आणून टाकलं. गुरुजी, हजेरी लावा.' लोक मात्र 'कोरंटाईन'च म्हणायचे. शब्द मूळचा व्हेनिसकडचा, चाळीस दिवसांचा. म्हणजे जवळजवळ बाळंतिणीचा सव्वा महिना. फक्त डिंकाचे लाडू नव्हते.

परभणीकर : धाराशिवकरांनी जपून बोलावं. मे २०२०च्या यादीत अख्ख्या मराठवाड्यात हिरवा झोन एकट्या उस्मानाबादचा होता. तेव्हा किती मिरवलात! 'जगात जर्मनी, भारतात परभणी' आणि आमच्या वाट्याला आलं नारंगी.

अंबाजोगाईकर : झोनचं भांडण नंतर. माझ्याकडच्या साठ्यात परदेशी मालही आहे. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयानं मार्च २०२०मध्ये लोकांना सांगितलं होतं, घरातल्या तीन वस्तू घ्या आणि एखादं गाजलेलं चित्र स्वतःवर उभं करा. त्यावरून आमच्या पुतणीनं आजीला बसवलं. व्हर्मीरच्या चित्रातली मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी आहे ना, ती. डोक्याला आजोबांचा पंचा, कानात तिचीच मोत्याची कुडी, मागं काळी घोंगडी. आजी मान वळवून बघतेय, पण चेहऱ्यावर 'दूध उतू जायलंय' असा भाव. मूळ चित्रापेक्षा मला हे आवडतं. याला करमणूक म्हणायचं का?

बीडची ताई : म्हणायचं. आणि ती फेटलेली डालगोना कॉफी अंकात घेऊ नका. ऐन एप्रिलात कुरडयांचा चीक घोटणाऱ्या बायकांना कप-दोन कप कॉफी फेटायचं कौतुक कुणी सांगावं? या आलेल्या मालाला 'ढकलपत्र' म्हणतात, तो शब्द मात्र घ्या. वाचायचं नाही, पुढं ढकलायचं, हे त्यात आलंय.

नांदेडकर : मग मथळा क्रियापदाचाच द्या. आपण सगळे तेव्हा एकच तर म्हणत होतो : 'करमंना.'

अंबाजोगाईकर : हे हिलाही पटलं. 'करमंना' पक्कं. ढकलपत्रं आत.

धाराशिवकर : 'म'वरचा अनुस्वार तेवढा सांभाळा. 'करमना' छापून आलं तर पुण्याचे नातेवाईक 'कर मना' असं वाचतील. समर्थ आपल्याच जालन्यातल्या जांबचे खरे, पण आत निघणार मुसक्याचे विनोद.