पायपुसण्याची डिझाईनं शोधायला कुठे जाऊ? (रग हूकिंग, गोवा)

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी गेली तीन वर्षं रग हूकिंग करतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कापडाच्या पट्ट्यांची पायपुसणी करायची कला ही, गोणपाट लाकडी रिंगवर ताणायचं, डाव्या हाताने खालून कापडाची पट्टी धरायची आणि वरून मुठीचा आकडा भोकात घालून पट्टीचा फासा वर ओढायचा, मग एखाददुसरं भोक सोडून पुढचा. गाठ नाही, शिवण नाही, फासे एकमेकांना दाबून बसतात म्हणून टिकतात. पंच नीडल वेगळं, त्यात मागच्या बाजूने सुई खुपसतात. माझी थोरली बहीण कॅनडात हॅलिफॅक्सला असते, तिच्याकडे दोन महिने राहिले होते तेव्हा शिकले आणि येताना दोन आकडे घेऊन आले.

आता अडलंय कुठे तर डिझाईनमध्ये. आत्तापर्यंत सात रग झाले, सगळे पिंटरेस्टवरून उचललेले. मेपलचं पान, दीपगृह, बर्फातलं लाल घर आणि दोन मेंढ्या. परवा नवरा म्हणाला, अगं आपल्या डिचोलीत मेंढी शेवटची कधी बघितलीस? राग आला पण बरोबर होतं त्याचं.

म्हणून जानेवारीत किनाऱ्याकडच्या एका क्राफ्ट रिट्रीटला गेले. तीन दिवसांचे अठरा हजार. सकाळी योगा, मग स्मूदी, मग 'मनमोकळ्या गप्पा', दुपारी विश्रांती, आणि हाताने करायचं काम रोज जेमतेम एक तास, तेही मॅक्रमे, म्हणजे दोऱ्याला गाठी मारायचं काम. प्रेरणा म्हणून एक वही दिली ज्यात आधीच छापलेलं की समुद्राकडे बघून तुम्हाला काय वाटतं ते लिहा. मी गोव्याची आहे हो, समुद्राकडे बघून मला मासे महाग झालेत एवढंच वाटतं.

मग घरीच विचार केला समईचं डिझाईन काढू, तर सासूबाई म्हणाल्या, समईवर पाय पुसणार तुम्ही? तेही खरंच. तुळशीवृंदावन गेलं, दीपमाळ गेली, मोरजाईच्या देवळातली कावी मला फार आवडते, भिंतीवरच्या तांबड्या लेपावर कोरून खालचा पांढरा चुना उघडा करतात ना ती, तीही गेली.

तर विचारायचं हे की गोव्यात फिरून डिझाईन सापडेल अशा जागा कुठल्या, आणि दिसलेल्या गोष्टीचं रगमध्ये रूपांतर कसं करता? आणि रिट्रीटचा कुणाला चांगला अनुभव असेल तर तोही सांगा, माझा पैसा गेलाच आहे.

फुकटचा_सल्ला

अठरा हजारात सतरंजी विकत आली असती, वर पाव-भाजी.

पट्टीपट्टीने

@फुकटचा_सल्ला, तुम्ही नाव सार्थ केलंत.

ताई, मी मडगावची, चार वर्षं करतेय, मी एकटीच नाही हे बघून इतकं बरं वाटलं. पिंटरेस्टचं वाईट वाटून घेऊ नका, हा रोग जुना आहे. अमेरिकेत मेन राज्यात एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट म्हणून एक फेरीवाला होता, त्याने १८६० च्या दशकात पत्र्याचे स्टेन्सिल कापून गोणपाटावर डिझाईनं छापून विकायला सुरुवात केली. बायकांना आयतं मिळालं आणि घराघरात तेच सिंह नि तीच फुलं. त्या काळचं पिंटरेस्टच की.

आणि ते गोणपाट कुठलं? ताग बंगालचा, गिरण्या स्कॉटलंडच्या डंडीच्या, पोती जगभर. रिकामं पोतं उसवायचं आणि जुन्या कपड्यांच्या पट्ट्या त्यात ओढायच्या, मासेमारी करणाऱ्या गरीब घरांतली कला ही. म्हणजे आपण काही परक्याचं करत नाही, पोतं आपल्याकडचंच फिरून आलंय असं मी आमच्याकडे विचारणाऱ्यांना सांगते.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड नि लॅब्रडॉरचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे डॉ. ग्रेनफेल यांच्या वैद्यकीय मिशनने बायकांकडून चटया करून घेऊन विकल्या, त्यासाठी लोकांकडून फाटके रेशमी स्टॉकिंग मागवायचे. त्या चटयांवर काय, तर पांढरी अस्वलं, कुत्र्यांच्या गाड्या, हिमनग, होड्या. दारातून जे दिसतं ते. तुमच्या दारातून काय दिसतं ते आधी बघा, मग अठरा हजार खर्च करा.

रिट्रीटबद्दल मात्र मी थोडं वेगळं बोलेन. मी एकदा पाच दिवसांच्या एका शिबिराला गेले होते, घाटावर, विणकामाचं, तिथे मला डिझाईन एकही मिळालं नाही पण पाच दिवस कुणी 'आई डबा' म्हणालं नाही. तेवढ्यात मी अडीच फूट भरला. घरी त्याला दोन महिने लागले असते. तेव्हा जायचंच तर डिझाईन घरूनच ठरवून घेऊन जा आणि आधी फोन करून एकच विचारा, दिवसाचे किती तास हात चालणार. उत्तरात 'स्वतःला भेटणं' असं काही आलं की फोन ठेवायचा.

कुशावतीकाठी

ताई, मी हूकिंग वगैरे जाणत नाही, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर आहे, मुलीने ही लिंक पाठवली. पण तुमच्या सासूबाईंचा प्रश्न मला तुमच्या प्रश्नापेक्षा जास्त आवडला. त्यांनी तुम्हाला उत्तर देऊन टाकलंय आणि तुमच्या लक्षात आलेलं नाही. पायाखाली घालायची वस्तू आहे तर पायाखालचंच बघा ना. तुम्ही सगळं डोळ्यांच्या उंचीवरचं आणि देवळातलं गोळा करताय.

पायाखालचं म्हणजे काय तर जुन्या घरांतल्या सिमेंटच्या नक्षीच्या लाद्या. आमच्या केप्याकडे, मडगावात, पणजीत फोंताइन्यासला जुन्या घरांत अजून आहेत, आठ इंचाची एक लादी, चार जोडल्या की मधे फूल किंवा तारा तयार होतो. त्यात रंग तीन, फार तर चार. तुमच्या कामाला बनवल्यासारखं. पणजीला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशालाच निळं अझुलेजू आहे, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या फरशांचं चित्र, जॉर्ज कोलासो यांचं, १९३५ चं, ते बघाच पण काढायला जाऊ नका. ते ब्रशचं काम आहे, निळ्याच्या दहा छटा, पट्टीत ते येणार नाही आणि तुम्ही रडाल.

दुसरं, उसगाळीमळ. रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठाला चिऱ्याच्या सपाट कातळावर आदिमानवाने कोरलेली चित्रं आहेत. १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेला आली, गावच्यांना आधीपासून ठाऊक होतीच. वशिंडाचे बैल आहेत, हरणं आहेत आणि एक गोल गोल आत जाणारं चक्रव्यूहासारखं चित्र आहे. मी पोरांना दरवर्षी न्यायचो. भर दुपारी गेलात तर काहीच दिसत नाही, ऊन डोक्यावर असलं की रेघ कातळात बुडून जाते. सकाळी आठच्या आत नाहीतर साडेचारनंतर जा, तिरप्या उन्हात खाचेच्या एका काठाला सावली पडते आणि बैल उठून उभा राहतो. चप्पल काढा, कोरलेल्यावर पाय देऊ नका, खडू तर मुळीच लावू नका, पूर्वी लोक फोटोसाठी लावायचे.

आता काढायचं कसं. फोटो नंतर. आधी वही घेऊन एकाच चित्रापाशी अर्धा तास बसा आणि डोळे किलकिले करून जेवढं दिसतं तेवढंच काढा. जे किलकिल्या डोळ्यांना दिसत नाही ते रगमध्येही दिसणार नाही. तुमची पट्टी किती रुंद असते?

डिचोलीकरीण

मास्तर, पाव इंच. टी-शर्टची घेतली तर अर्धा, कारण ती गुंडाळते.

कुशावतीकाठी

मग पाव इंचापेक्षा बारीक रेघ तुमच्याकडे नाहीच, हे समजून चित्र काढा. जाड स्केचपेननेच काढा, पेन्सिल घरी ठेवा. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

हल्याळची_लेक

सासर फोंडा, माहेर कर्नाटकातलं हल्याळ, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना. तुम्ही सगळे गोव्यातच फिरताय, जरा घाट चढून या की. आमच्याकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक आहेत, आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज, त्यातले कित्येकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातूनच पळून जंगलात आले. त्यांच्या बायका कवंद शिवतात, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी. रग हूकिंग नाही ते, टाके आहेत, पण बघण्यासारखं हे की आधी काही काढत नाहीत. कडेपासून सुरू करतात, तुकडा लावायचा, शिवायचा, पुढचा तुकडा, असं गोल फिरत मधे यायचं. आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्याला फुला म्हणतात. फुला नाही तर कवंद उघडं वाटतं असं आमच्या शेजारची मावशी म्हणायची.

मी लहानपणी तिच्यापाशी बसायचे. ती लाल तुकडा उचलायची, ठेवायची, परत दुसरा उचलायची, आणि विचारलं की मावशी कसं ठरवतेस तर म्हणायची, हा साडीचा आहे, हा मुलाच्या शर्टाचा आहे, दोघांना शेजारी बसवते. ताई तुमच्या पट्ट्या कुणाच्या कपड्यांच्या आहेत? मला वाटतं तिथूनही डिझाईन निघेल, सगळं बघायलाच जायला हवं असं नाही. पण जा तरीही, आणि नुसतं बघून फोटो काढून येऊ नका, एक विकत घ्या, पैसे न घासाघीस करता द्या.

पट्टीपट्टीने

हे फारच भारी. थोडं सामानाचं सांगते कारण कुणीतरी विचारणारच. गोव्यात लोकरीच्या नादी लागू नका, पावसाळ्यात वास येतो नि कसर लागते. मी जुने टी-शर्ट आणि सुती गाऊन वापरते, हो गाऊनच, त्यांचे रंग इतके भडक असतात की एक धुणं जास्त दिलं की बरोब्बर शेवाळी पडतात. जेवढी जागा भरायची त्याच्या चौपट कापड लागतं हे धरून चाला, मी पहिल्या रगला दुप्पट धरलं होतं आणि अर्ध्यात रंग संपला.

पोतं काजूच्या कारखान्यातून मिळतं, कच्च्या बिया गोण्यांतून येतात. तेलकट डाग बघून घ्या, दोनदा धुवा. पण खरं सांगू का, ताग कालांतराने ठिसूळ होतो आणि आपल्या दमटपणात बुरशी धरतो, मेहनतीच्या कामाला जाड सुती किंवा लिननचं सैल विणीचं कापड घ्या. पोतं सरावाला.

पिवळा हवा असेल तर सुताराकडून फणसाच्या लाकडाचा भुसा आणा. सुती कापडाला आधी हिरड्याचं पाणी, मग तुरटी, मग भुसा उकळून गाळलेलं पाणी. हळदीच्या नादी लागू नका, उन्हात चार दिवसांत उडते.

आणि गोल चित्र काढणार असाल तर पट्टी मागच्या बाजूने उडी मारून नेऊ नका, कापा, टोक वर काढा, नवीन सुरू करा. नाहीतर कुणाचा पाय अडकला की सगळं उसवतं.

डिचोलीकरीण

मंडळी, दीड महिन्याने परत येतेय, धागा वर काढल्याबद्दल सॉरी.

उसगाळीमळला गेलो, पहिल्यांदा अर्थातच उशिरा पोचलो, अकरा वाजले, नवरा म्हणाला हे बघायला आलो? कातळ नुसता तांबडा. रिवणला परत येऊन चहा, मग परत साडेचारला. मास्तर, खरंच बैल उठून उभा राहतो हो. पण मी बैल नाही घेतला, ते गोल घेतलं. वहीत काढलं तर तीनदा चुकलं, बाहेरून सुरू केलं की आत जागा उरत नाही आणि आतून सुरू केलं की बाहेर अंडं होतं. शेवटी नवऱ्याने नारळाच्या काथ्याला खडू बांधून अंगणात काढून दाखवलं आणि मग त्या रेघेवरून मी चालून बघितलं, किती पावलं येतात ते. रग म्हणजे पायांनी वाचायचा ना.

दोन फूट बाय दोन फूट केलाय. रेघ सासऱ्यांच्या जुन्या धोतराची, चहाच्या पाण्यात बुडवलेली, बाकी सगळा तांबडा. आणि तांबडा कसला तर माझ्या दोन गाऊनचा आणि लेकाच्या शाळेच्या हाऊसच्या टी-शर्टचा, म्हणून तीन छटा आल्यात, एका ठिकाणी टी-शर्टवरच्या छापाचं पिवळं अक्षर डोकावतंय ते मी मुद्दाम ठेवलं. हल्याळच्या ताई, हे तुमच्या मावशीमुळे. गच्च भरल्याने मधे जरा फुगला होता, प्रत्येक भोकात फासा घातला होता मी उत्साहाने, दहा-बारा ओळी उसवून सैल केल्या तेव्हा बसला. फणसाचा भुसा पुढच्या रगला, सुताराने पिशवीभर दिलाय, पैसे घेतले नाहीत, कशाला हवाय हे मात्र तीनदा विचारलं.

सासूबाईंना विचारलं, यावर पाय पुसलेले चालतील ना? म्हणाल्या यात देव कुठाय, चालतील की. मागच्या दाराशी घातला. दुसऱ्या दिवशी बघते तर उलटा. सुलटा केला. संध्याकाळी परत उलटा. विचारलं तर म्हणाल्या, अगं एवढा हाताने ओढून केलायस, पावसाचे चिखलाचे पाय येतात, मळेल ना. मागची बाजू पण बरी दिसते.