मदत हवी आहे: कुक बेटं आणि नियुए कोणत्या रकान्यात?

वाचनालयातल्या मुलांसाठी जगाचा तक्ता करतेय. रकाने तीनच: सार्वभौम देश, मान्यतेच्या वादात अडकलेले, आणि दुसऱ्या देशाच्या ताब्यातले प्रदेश. संयुक्त राष्ट्रांचे 193 सदस्य आणि व्हॅटिकन, पॅलेस्टाईन हे दोन निरीक्षक लिहून झाले. कोसोव्हो, तैवान, उत्तर सायप्रस दुसऱ्यात, ग्रीनलँड तिसऱ्यात. (त्यावर वाद नको, प्लीज.)

अडलंय ते कुक बेटं आणि नियुए या प्रशांत महासागरातल्या बेटांपाशी. पेन्सिलीने लिहून तीनदा खोडलं, कागद भुरका झालाय. दोन्हींचं न्यूझीलंडशी 'फ्री असोसिएशन' (कारभार स्वतःचा, पण संरक्षणासारख्या बाबतीत न्यूझीलंडची साथ) आहे, कुकचं 1965 पासून, नियुएचं 1974 पासून. नागरिकत्व न्यूझीलंडचंच. म्हणून तिसऱ्यात टाकावं, तर दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेचे पूर्ण सदस्य, भारताचेही दोघांशी राजनैतिक संबंध, आणि अमेरिकेने 2023 मध्ये दोघांना सार्वभौम देश म्हणून मान्यता दिली. बरं, पलाऊ या बेटदेशाचंही अमेरिकेशी असंच नातं, पण तो 1994 पासून संयुक्त राष्ट्रांत, त्यामुळे पहिल्यात बिनघोर बसला. ऑलिंपिकचा निकष लावून पाहिला, पण मग अमेरिकेच्या ताब्यातला, तरी स्वतःचा संघ पाठवणारा प्युर्टो रिकोही देश ठरतो!

चौथा रकाना करायला जागा नाही, तळाशी एका ओळीची टीप मावेल. वाचणारी मुलं सातवी-आठवीची. शुक्रवारी छपाईला द्यायचंय.

तर पहिल्या रकान्यात टीपेसह घालू की तिसऱ्यात? आणि 'फ्री असोसिएशन'ला मराठी पुस्तकांत रुळलेला शब्द कोणता?