‘हीथलँड ग्राउंड बीटल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : इंग्लंडमधल्या हीथलँडवर आढळणाऱ्या एका बारीक कीटकाची माहिती मराठीत लिहितो आहे. नाव ब्रॅडिसेलस रुफिकॉलिस, तांबूस-तपकिरी, लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. ‘माळरानावरचा शिकारी भुंगा’ चालेल का?

उत्तर : तिन्ही शब्दांवर हरकत आहे!

भुंगा म्हटला की फुलांभोवती गुणगुणणारा काळा जीव आठवतो. हा तर हीथर या खुरट्या झुडपाच्या बुंध्याशी साचलेल्या पाल्यात धावणारा. ‘बीटल’साठी शेतीविषयक लेखनात ‘भुंगेरा’ रुळलेला आहे (हुमणीचे भुंगेरे), तोच घ्या. ‘भू-भुंगेरा’ मात्र उच्चारताना जीभ अडखळते. ‘जमिनीवरचा भुंगेरा’ लांब असला तरी लगेच कळतो.

‘माळरान’ अधिक फसवे. ते वाचून गवत दिसते. हीथवर गवताचे राज्य नसते. आम्लधर्मी, निकस, बऱ्याचदा रेताड जमिनीवर हीथर, एरिका, गॉर्स अशी खुरटी, काटक झुडपे असतात. आणि ही जागा आपोआप टिकतही नाही. चराई, कापणी, जाळणे थांबले की बर्च आणि पाइन शिरतात, हळूहळू रान माजते. म्हणून ‘हीथ’च ठेवा, पहिल्यांदा ‘खुरट्या झुडपांचा माळ’ असे सांगा.

‘शिकारी’ही काढा. कॅराबिडी, म्हणजे जमिनीवरच्या भुंगेऱ्यांच्या कुळातले बरेच भुंगेरे शिकार करतात हे खरे, पण त्यातल्या हार्पालिनी गटात बिया खाणारे पुष्कळ आहेत, आणि हा त्याच गटातला.

आणखी एक : ‘हीथर बीटल’ नावाचा वेगळाच कीटक आहे, लॉकमेआ सुतुरालिस. तो पानभुंगेरा, हीथरची पाने खातो. नावांच्या साधर्म्यामुळे चित्र भलतेच लागायला नको.

प्रश्न : ओळखीच्या खुणा लिहिताना ‘टार्सस’चे, म्हणजे कीटकाच्या पावलाचे, भाग कसे सांगू? खंड?

उत्तर : ‘पेरे’ म्हणा, बोटांची असतात तशी. जमिनीवरच्या भुंगेऱ्याच्या सहाही पावलांना पाच-पाच पेरे असतात. टेनेब्रिओनिडी या दुसऱ्या कुळातल्या भुंगेऱ्यांच्या मागच्या पावलांना चारच, त्यामुळे घोटाळा टळतो. हार्पालिनीत प्रत्येक डोळ्याच्या वर एकच ताठ केस, इतर बऱ्याच गटांत दोन. त्यापुढे जात ठरवायला सूक्ष्मदर्शक हवाच. ब्रॅडिसेलसमधल्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, नुसत्या फोटोवरून छातीठोक नाव देऊ नका.

प्रश्न : आणि अँटेना? मिशा की शृंगिका?

उत्तर : खुणांच्या तक्त्यात शृंगिका, बाकी लेखात मिशा. धाग्यासारख्या, अकरा पेरांच्या.